एक्स-रेच्या आत लपलेलं नाव

रात्री सव्वाअकराच्या सुमारास फोन वाजला. पूर्वी आमच्या वॉर्डात काम केलेला आणि आता एका तालुक्याच्या गावी असलेला तरुण डॉक्टर बोलत होता. "मॅडम, एक एक्स-रे व्हॉट्सॲपवर पाठवलाय, बघता का? पेशंटला फार धाप लागतेय. उजव्या छातीत पाणी आहे. काढायला घेऊ का?"

मी फोटो उघडला. फिल्म उजेडासमोर धरून मोबाइलवर काढलेला तो फोटो होता. छातीची एक बाजू जवळजवळ पूर्ण पांढरी आणि हृदय दुसऱ्या बाजूला ढकललेलं. पाणी होतंच आणि भरपूर होतं. मी "हो, घे" म्हणणार, तेवढ्यात सवयीनं नजर फिल्मच्या कोपऱ्याकडे गेली. कोपरे नव्हतेच. रुग्णाचं नाव, वय, तारीख आणि डावी बाजू कुठली हे सांगणारं 'एल' हे अक्षर, सगळंच कापलेलं होतं.

"पेशंटचं नाव दिसू नये म्हणून क्रॉप केलं, मॅडम," तो म्हणाला. हेतू चांगलाच होता. आम्हीच या मुलांना शिकवतो की रुग्णाचं नाव मोबाइलवरून फिरवू नका.

"ठीक आहे. पण सुई हातात घेण्याआधी छाती बोटांनी ठोकून बघ, दोन्हीकडे स्टेथोस्कोप लाव आणि श्वासाचा आवाज कुठल्या बाजूला येत नाही ते मला सांग."

दोन-तीन मिनिटांनी तो पुन्हा फोनवर आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "मॅडम, डावीकडे."

फिल्म उलटी धरून फोटो काढला गेला होता. डावीकडच्या पाण्यानं हृदय उजवीकडे ढकललेलं होतं. चित्र उलटं झाल्यावर पाणी उजवीकडे आणि हृदय डावीकडे, म्हणजे नेहमीच्या जागी दिसू लागलं. त्यामुळे शंका यायलाही जागा राहिली नाही. त्या रुग्णाचं सगळं भागत होतं ते उजव्या फुप्फुसावर. त्याच बाजूला सुई गेली असती आणि फुप्फुसाला इजा झाली असती, तर पुढचं सांगायला नको.

तो रुग्ण बरा होऊन घरी गेला. पण त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. नाव दाखवलं तर गोपनीयता जाते आणि नाव कापलं तर ओळख जाते. मग ओळख चित्राच्या आतच लपवता येणार नाही का? ती चारचौघांना दिसणार नाही, पण ज्याला पाहण्याचा अधिकार आहे त्याला मिळेल. संगणकशास्त्रात या प्रश्नावर बरंच काम झालेलं आहे. त्यातली दोन नावं म्हणजे वॉटरमार्किंग आणि स्टेगॅनोग्राफी. नावं अवघड असली तरी कल्पना सम-विषम संख्यांइतकी सोपी आहे.

बाटलीवरची चिठ्ठी

आधी आज काय होतं ते पाहू. सीटी स्कॅन, एमआरआय, डिजिटल एक्स-रे यांची चित्रं 'डायकॉम' नावाच्या ठरावीक पद्धतीनं साठवली जातात. या पद्धतीची पहिली आवृत्ती १९८५मध्ये आली आणि १९९३पासून ती डायकॉम या नावानं ओळखली जाऊ लागली. जगात कुठेही काढलेला स्कॅन दुसऱ्या देशातल्या संगणकावर उघडतो, तो या सामायिक भाषेमुळे.

डायकॉम फाइलमध्ये चित्र असतं आणि चित्रासोबत माहितीचा एक तक्ता असतो. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, तपासणीचा दिवस, शरीराचा भाग, कोणतं यंत्र, सगळं त्यात येतं. गोष्ट चांगली आहे, पण तो तक्ता म्हणजे औषधाच्या बाटलीवर चिकटवलेली चिठ्ठी आहे. औषध वेगळं आणि चिठ्ठी वेगळी. संगणकाच्या पडद्याचा फोटो काढला किंवा चित्र साध्या फोटोच्या स्वरूपात बदलून पाठवलं, की चिठ्ठी मागे राहते आणि फक्त चित्र पुढे जातं. चिठ्ठी बदलायची म्हटली तर तेही फार कठीण नाही.

कापडाच्या ताग्याच्या किनारीवर गिरणीचं नाव छापलेलं असतं. किनार कापली की कापड कुठल्या गिरणीचं ते कळत नाही. पण तेच नाव अंगभर, डोळ्याला न दिसेल अशा बेतानं धाग्यांतच विणलं असतं तर? कुठलाही तुकडा कापला तरी नाव सोबत आलं असतं. चित्रात माहिती लपवण्यामागचा विचार नेमका हाच आहे.

सम आणि विषम

संगणकासाठी चित्र म्हणजे ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. कृष्णधवल चित्रात प्रत्येक पिक्सेलला एक संख्या असते. साध्या फोटोत ती ० ते २५५ यांमधली असते. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र आणि मधल्या सगळ्या करड्या छटा. सीटी स्कॅनमध्ये छटा अधिक बारीक, साधारण ४,०९६ असतात.

आता १५० ही छटा आणि १५१ ही छटा शेजारी शेजारी ठेवल्या तर तुम्हाला किंवा मला फरक दिसणार नाही. तीस वर्षं एक्स-रे पाहणाऱ्यालाही दिसणार नाही. पण १५० सम आहे आणि १५१ विषम. संगणकाला हा फरक अगदी ठळक दिसतो.

समजा, आपण ठरवलं की विषम म्हणजे १ आणि सम म्हणजे ०. संगणकातली प्रत्येक अक्षर, प्रत्येक आकडा अखेर १ आणि ० यांच्या माळेतच लिहिलेला असतो. मला १, ०, १ एवढी माळ लपवायची आहे आणि चित्रातले तीन पिक्सेल १५०, १५१, १४८ असे आहेत. मी ते १५१, १५०, १४९ असे करते. झालं. चित्र डोळ्याला तसंच दिसतं, पण ज्याला ठरलेला नियम माहीत आहे तो सम-विषम वाचून निरोप काढून घेतो.

यात जागा किती मिळते, हे ऐकून आश्चर्य वाटेल. सीटी स्कॅनचं एक चित्र बहुधा ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ पिक्सेलचं असतं. प्रत्येक पिक्सेलमध्ये एक खूण लपवली तर ३२ किलोबाइट माहिती मावते. तुम्ही वाचत असलेल्या या लेखाचा अर्ध्याहून अधिक भाग एका चित्रात गुपचूप बसेल आणि एका तपासणीत अशी शेकडो चित्रं असतात. रुग्णाचं नाव, क्रमांक, तारीख आणि बाजू यांना तर कोपराभर जागा पुरे.

एकाच घरातली दोन भावंडं

स्टेगॅनोग्राफी हा शब्द ग्रीक आहे. त्याचा अर्थ झाकलेलं लेखन. निरोप आहे हेच कुणाला कळू नये, हा त्याचा हेतू. सांकेतिक भाषेत लिहिलेलं पत्र पाहिलं की त्यात काहीतरी गुपित आहे हे निदान समजतं. इथे समजतच नाही. लहानपणी लिंबाच्या रसानं कोऱ्या कागदावर लिहून तो दिव्यावर धरायचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल. तोही याच घराण्यातला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं सांगितलेली एक कथा प्रसिद्ध आहे. हिस्टियस नावाच्या सरदारानं एका गुलामाचं डोकं भादरलं, त्यावर निरोप गोंदवला आणि केस वाढल्यावर त्याला रवाना केलं. समोरच्यानं पुन्हा डोकं भादरून निरोप वाचला.

वॉटरमार्कचा हेतू वेगळा. तो आहे हे कळलं तरी हरकत नसते. वस्तू कुणाची आहे, अस्सल आहे की नाही, हे त्यानं सांगायचं असतं. इटलीतल्या फाब्रियानो गावच्या कागद बनवणाऱ्यांनी तेराव्या शतकात कागदातच खुणा उमटवायला सुरुवात केली. आपल्या खिशातली नोट उजेडासमोर धरा. मोकळ्या पांढऱ्या भागात गांधीजींचा चेहरा दिसतो. तो शाईनं छापलेला नाही. तिथे कागदच कमी-जास्त जाड आहे. आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात कागद पोचतो, तेव्हा छपाईआधीच ती खूण त्याच्या अंगात असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येईल.

थोडक्यात, स्टेगॅनोग्राफीत महत्त्व लपलेल्या निरोपाला असतं आणि चित्र हे निव्वळ पांघरूण. वॉटरमार्कमध्ये महत्त्व चित्राला असतं आणि लपलेली खूण ही त्याची राखणदार. आम्हा डॉक्टरांना कामाचा आहे तो हा राखणदार.

मोहोर की गोंदण?

राखणदारांचेही प्रकार आहेत. पहिला नाजूक वॉटरमार्क. हा पाकिटावरच्या लाखेच्या मोहोरेसारखा असतो. कुणी हात लावला की मोडतो आणि मोडणं हेच त्याचं काम. एक्स-रेमधला एखादा ठिपका जरी कुणी बदलला, तरी लपवलेली खूण जुळत नाही. काही पद्धतींत चित्राचे छोटे छोटे चौकोन करून प्रत्येकावर वेगळी मोहोर लावतात. त्यामुळे फेरफार झालाय एवढंच नव्हे, तर नेमका कुठे झालाय हेही कळतं.

दुसरा चिवट वॉटरमार्क. हा गोंदणासारखा. चित्र लहान केलं, थोडं कापलं, फिकट केलं तरी तो टिकायला हवा. वर सांगितलेला सम-विषमाचा साधा खेळ इथे चालत नाही. आपण व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो तेव्हा तो पोचण्याआधी दाबून लहान केला जातो. त्यासाठी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन करून डोळ्याला न जाणवणारे बारकावे फेकून दिले जातात. आपली खूण नेमकी त्याच बारकाव्यांत लपलेली, त्यामुळे तीही केराच्या टोपलीत जाते. चिवट खूण करायची तर ती चित्राच्या ठळक भागांत, अनेक ठिकाणी विभागून, पुन्हा पुन्हा गुंफावी लागते. शंभर जणांच्या कानात एकच निरोप सांगून ठेवला, तर त्यातले साठ विसरले तरी उरलेल्यांकडून निरोप जुळवता येतो, तसं काहीसं.

चित्रांत खूण गुंफण्याचं हे तंत्र आता तुमच्याआमच्या रोजच्या जगातही आलं आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली चित्रं ओळखू यावीत म्हणून गूगलनं २०२३मध्ये 'सिंथआयडी' नावाची अशीच अदृश्य खूण जाहीर केली.

पण वैद्यकीय चित्रांची एक वेगळी अडचण आहे. लग्नाच्या फोटोत एखादी छटा इकडची तिकडे झाली तर कुणाचं काही बिघडत नाही. मॅमोग्राफीत मात्र स्तनाच्या कर्करोगाची पहिली चाहूल कधी कधी वाळूच्या कणाएवढ्या पांढऱ्या ठिपक्यांतून लागते. फुप्फुसातली गाठ सुरुवातीला चार-पाच मिलिमीटरची असते. शिवाय आता चित्रं नुसती माणूस पाहत नाही, संगणकही मोजमाप करतो. अशा चित्रात "दिसत नाही ना, मग बदलू या" हा युक्तिवाद मला डॉक्टर म्हणून पटत नाही. आणि पटू नयेच.

यावर दोन उत्तरं निघाली आहेत. पहिलं म्हणजे निदानासाठी महत्त्वाचा भाग सोडून द्यायचा आणि खूण भोवतालच्या काळ्या, रिकाम्या जागेत ठेवायची. हे सोपं आहे, पण त्या रात्री झालं तसं कुणी कडा कापल्या की खूणही गेली. दुसरं उत्तर मला फार आवडतं. त्याला उलटवता येणारा वॉटरमार्क म्हणतात. खूण वाचून झाली की ती पूर्ण काढून टाकता येते आणि मूळ चित्र जसंच्या तसं, एका ठिपक्याचाही फरक न पडता परत मिळतं.

हे कसं शक्य आहे? २००३मध्ये जुन तियान या संशोधकानं मांडलेली एक युक्ती पाहा. वहीवर करून बघता येईल इतकी ती सोपी आहे. शेजारचे दोन पिक्सेल घ्या, १०२ आणि १००. त्यांची सरासरी १०१, फरक २. आता फरक दुप्पट करा, ४ झाले. त्यात लपवायचा अंक, समजा १, मिळवा. नवा फरक ५. सरासरी १०१च ठेवून नवे पिक्सेल होतात १०४ आणि ९९. चित्र असं पाठवलं. पलीकडचा माणूस फरक पाहतो, ५. विषम आहे, म्हणजे लपलेला अंक १. तो वजा केला, राहिले ४. त्याचं निम्मं २, हा मूळ फरक. सरासरी, अपूर्णांक सोडून, तीच १०१. म्हणजे मूळ पिक्सेल १०२ आणि १००. निरोपही मिळाला आणि चित्रही निर्मळ झालं. पोटात घातलेली नळी काम झाल्यावर व्रण न ठेवता काढून घ्यावी, तसं हे आहे.

खोटी गाठ

"पण एक्स-रेमध्ये फेरफार करणार कोण?" असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. २०१९मध्ये इस्रायलच्या बेन-गुरिअन विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग वाचला आणि माझा आत्मविश्वास जरा डळमळला.

त्यांनी फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये कर्करोगाच्या खोट्या गाठी घालणारी आणि खऱ्या गाठी पुसून टाकणारी एक संगणक प्रणाली तयार केली. मग ते स्कॅन तीन अनुभवी रेडिओलॉजिस्टना, काही न सांगता, वाचायला दिले. खोट्या गाठी घातलेल्या स्कॅनपैकी जवळजवळ ९९ टक्के स्कॅनमध्ये त्यांना कर्करोग दिसला. पुसलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक स्कॅन त्यांनी निरोगी ठरवले. यात काही चित्रं बदललेली आहेत हे सांगून दुसरी फेरी घेतली, तरीही बऱ्याच ठिकाणी ते फसले. फुप्फुसाचे कर्करोग शोधणारं एक संगणकीय साधनही फसलं.

याच प्रयोगाचा दुसरा भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे. संशोधकांनी एका रुग्णालयाची परवानगी घेऊन पाहिलं की चित्रं बाहेरून मधल्यामध्ये पकडता येतात का. स्कॅनिंग यंत्र आणि चित्रं साठवणारा संगणक यांच्यामधल्या तारेत त्यांनी तळहातावर मावेल एवढं उपकरण जोडलं. चित्रं त्या तारेतून उघडीच जात होती, त्यांना ना कुलूप ना मोहोर. त्यामुळे ती पकडता आली.

लक्षात घ्या, हा प्रयोग होता. कुणा रुग्णावर असा हल्ला झाला असं मी म्हणत नाही. पण विम्याचा दावा, अपघाताचा खटला, नोकरीसाठीची वैद्यकीय तपासणी, एखाद्या मोठ्या व्यक्तीची तब्येत, अशा कितीतरी ठिकाणी एका चित्रावर पैसा, प्रतिष्ठा किंवा माणसाचं आयुष्य अवलंबून असतं. सरकारी रुग्णालयात मारहाणीच्या केसमधले हाड मोडल्याचे एक्स-रे पुढे न्यायालयात जातात. तिथे "हे चित्र काढल्यापासून बदललेलं नाही" हे सिद्ध करता येणं ही चैनीची गोष्ट नाही.

अशा वेळी नाजूक वॉटरमार्क उपयोगी पडतो. खोटी गाठ घातली की मोहोर मोडते आणि संगणक लाल खूण दाखवतो. त्याच्या जोडीला डिजिटल स्वाक्षरी हेही एक साधन आहे. संपूर्ण फाइलवरून गणितानं एक संख्या काढतात. ती त्या फाइलचा जणू बोटाचा ठसा असते. त्यावर यंत्र किंवा रुग्णालय आपली सही करतं. डायकॉम पद्धतीत अशा स्वाक्षरीची सोय आहे. फाइल जागच्या जागी असेल तर ही स्वाक्षरी उत्तम काम देते. चित्र फाइलमधून बाहेर पडून फोटो म्हणून फिरू लागलं, की मात्र स्वाक्षरी मागे राहते. तिथे चित्रात विणलेल्या खुणेची गरज लागते. म्हणजे ही दोन औषधं एकमेकांना पर्याय नाहीत, ती सोबतीनं द्यायची आहेत.

सुरी सर्जनची आणि चोराचीही

जे तंत्र राखण करतं तेच चोरीलाही उपयोगी पडतं. २०१०मध्ये अमेरिकेत दहा रशियन हेर पकडले गेले. त्यांच्यातले काही जण इंटरनेटवरच्या साध्यासुध्या दिसणाऱ्या चित्रांत निरोप लपवत होते, असं तिथल्या तपास यंत्रणेनं न्यायालयात सांगितलं. २०१८मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एका इंजिनिअरनं टर्बाइनबद्दलच्या गोपनीय फायली सूर्यास्ताच्या फोटोत दडवून स्वतःलाच ईमेल केल्याचा आरोप झाला. पुढे २०२२मध्ये आर्थिक हेरगिरीचा कट केल्याबद्दल तो दोषी ठरला.

वैद्यकीय फायलीही यातून सुटलेल्या नाहीत. डायकॉम फाइलच्या सुरुवातीला १२८ बाइटची एक मोकळी जागा असते. दुसऱ्या प्रकारच्या प्रणालींनाही ही फाइल उघडता यावी, या चांगल्या हेतूनं ती ठेवलेली आहे. २०१९मध्ये एका सुरक्षा संशोधकानं दाखवून दिलं की या जागेचा वापर करून एकच फाइल एकाच वेळी सीटी स्कॅन आणि चालू शकणारा घातक प्रोग्रॅम अशी दोन्ही बनवता येते. चित्र नीट दिसतं आणि पोटात विषाणू. रुग्णालयानं अशी फाइल संशयावरून पुसायची म्हटली, तर सोबत रुग्णाचा अहवालही जातो. निदान झालं तरी उपचार अवघड, अशी ही गत.

लपवलेलं शोधता येत नाही का? येतं, पुष्कळदा येतं. आणि त्याची रीत आमच्या लॅबसारखीच आहे. एका पेशीकडे पाहून काही कळत नाही, पण हजार पेशी मोजल्या की प्रमाण बिघडलेलं दिसतं. नैसर्गिक फोटोत १५० छटेचे पिक्सेल किती आणि १५१ छटेचे किती, यांत थोडीफार तफावत असते. सम-विषमाच्या खेळानं भरपूर माहिती लपवली की अशा जोड्यांची संख्या जवळजवळ सारखी होऊ लागते. इतकं नीटनेटकं चित्र निसर्ग काढत नाही. या 'आजाराची' तपासणी करणारी संख्याशास्त्रीय पद्धत १९९९मध्येच दोन जर्मन संशोधकांनी मांडली. अर्थात, लपवणारेही तेव्हापासून हुशार झाले आहेत आणि हा पाठशिवणीचा खेळ चालूच आहे.

मोहोर काय सांगत नाही

एवढं सगळं वाचून "मग उद्यापासून प्रत्येक एक्स-रेवर वॉटरमार्क लावा की!" असं वाटेल. मलाही तेच हवं आहे. पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी.

मोहोर एवढंच सांगते की मोहोर लावल्यानंतर आतलं बदललेलं नाही. मोहोर लावताना आत काय होतं, ते खरं होतं की चूक, हे ती सांगू शकत नाही. एक्स-रे खोलीच्या दाराशी गर्दी आहे, आत टेक्निशियन एकटा आहे, दोन 'लक्ष्मीबाई' एकापाठोपाठ एक आहेत आणि एकीच्या नावावर दुसरीची छाती नोंदली गेली, तर वॉटरमार्क ती चूक मोठ्या इमानानं जपून ठेवेल. उलट "मोहोर शाबूत आहे" म्हणून आपण निश्चिंत होऊ, हा धोका अधिक. नोटेचा कागद आठवा. खूण छपाईच्या आधी कागदात असते, म्हणून तिला अर्थ आहे. तसंच रुग्णाची ओळख यंत्रापाशी, बटण दाबण्याआधी पक्की व्हायला हवी. "नाव काय हो तुमचं? पूर्ण सांगा" हा प्रश्न आमचे जुने टेक्निशियन प्रत्येकाला विचारत. तो प्रश्न हीच पहिली मोहोर.

दुसरी मर्यादाही सांगते. त्या रात्रीसारखा, फिल्म उजेडात धरून मोबाइलवर काढलेला फोटो ही कुठल्याही लपवलेल्या खुणेची सगळ्यात कठीण परीक्षा असते. छपाई, तिरका कोन, बोटांची सावली, मोबाइलचा कॅमेरा आणि वर व्हॉट्सॲपचं दाबणं, इतक्या चाळण्यांतून नाजूक खूण पार होत नाही आणि चिवट खुणेचीही दमछाक होते. खरा उपाय म्हणजे मूळ फाइल सुरक्षित मार्गानं, जशीच्या तशी एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाणं. खेड्यातल्या रुग्णालयापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत तशी वाट हवी. ती झाली की त्यावर स्वाक्षरी आणि वॉटरमार्क दोन्ही नांदू शकतील.

तोवर आपण काय करायचं?

रुग्ण आणि नातेवाईक म्हणून काही साध्या गोष्टी आजही करता येतात.

एक्स-रे, सीटी किंवा एमआरआय हातात आला की तिथेच उभं राहून नाव, वय, तारीख आणि बाजूचं अक्षर तपासा. अहवालावरचं नाव आणि फिल्मवरचं नाव एकच आहे ना, हेही बघा. चूक तिथेच सांगितली तर पाच मिनिटांत सुधारते.

सीटी आणि एमआरआयची फिल्म मिळाली तरी मूळ फाइलची सीडी किंवा डिजिटल प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तेव्हा फोटोपेक्षा ती प्रत शंभर पटीनं उपयोगी पडते.

अगदी नाइलाजानं फोटोच पाठवायचा झाला, तर चारही कोपरे दिसतील असा, फिल्म सरळ धरून काढा. फिल्मवरची अक्षरं उलटी दिसत असतील तर फिल्म उलटी आहे. असा फोटो फक्त उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पाठवा. नाव झाकायचंच असेल तर नावापुरतं झाका, बाजूचं अक्षर आणि तारीख ठेवा. नातेवाइकांच्या ग्रुपवर किंवा फेसबुकवर अहवाल टाकण्याची तर गरजच नाही.

आणि आपल्या स्वतःच्या फोटोंबद्दल एक सूचना. मोबाइलनं काढलेल्या फोटोत तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि ठिकाणाची सोय चालू असेल तर ते ठिकाणसुद्धा नोंदलेलं असतं. आपण काहीही न लपवता आपल्या फोटोत ही माहिती दडलेली असते. फोटो मूळ फाइल म्हणून पाठवला की ती सोबत जाते. अनोळखी माणसाला घरातला फोटो पाठवताना हे ध्यानात असू द्या.

तो तरुण डॉक्टर परवा एका बैठकीत भेटला. आता त्याच्या रुग्णालयात एक्स-रे पाहायच्या पेटीच्या वर त्यानं स्वतःच्या हातानं लिहून एक कागद चिकटवला आहे, असं त्यानं सांगितलं. त्यावर दोनच ओळी आहेत: "आधी कोपरा बघा. मग छाती तपासा." वॉटरमार्क यायचा तेव्हा येईल. तो येईपर्यंत आणि आल्यानंतरही तो कागद तिथून काढू नकोस, असं मी त्याला सांगितलंय.